रावेचं गाव, रांगोळीचा नकाशा आणि माझी माईकची भीती

बीएस्सी अ‍ॅग्री केलेल्यांना रावे म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. सातव्या सेमिस्टरला लेक्चर बंद, कॉलेज ग्रुप पाडून एकेका गावात पाठवतं, तिथं राहून खरीप बघायचा, शेतकऱ्यांसोबत वावरात जायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची, रोज डायरी लिहायची आणि शेवटी रिपोर्ट अन् तोंडी परीक्षा. मुलं असली की कृषिदूत, मुली असल्या की कृषिकन्या. पेपरात तालुक्याच्या पानावर "कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे" असा मथळा (बीजप्रक्रिया म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं) आणि खाली एकसारख्या टोप्या घातलेल्या मुलींचा फोटो तुम्ही कधी ना कधी बघितलाच असेल, तर त्यातली एक मी.

प्रकार तसा जुना आहे. १९९२ साली कृषी शिक्षणावरच्या रंधावा समितीने शिफारस केली की शेतीचा पदवीधर नुसता पुस्तकी नको, त्याला गावात राहायला लावा, तिथून हे सगळीकडे लागू झालं. मग २०१५ च्या जुलैत पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यायची स्टुडंट रेडी नावाची योजना आली आणि रावे त्यात गेलं. आमच्या अभ्यासक्रमात रावे आणि त्याला जोडून कृषी उद्योगातली ट्रेनिंग मिळून २० क्रेडिट. सिनियर्स याला २० क्रेडिटची सुट्टी म्हणायचे. काहींची खरंच सुट्टी होते, ते मी नाकारत नाही, शनिवारी गावात जाऊन फोटो काढून येणारे ग्रुप पण असतात.

मी हे लिहितेय कारण नोकरीच्या इंटरव्ह्यूत सगळे विचारतात की लीडरशिप आणि कम्युनिकेशन स्किल तुम्ही कुठं शिकलात, आणि मी रावे म्हटलं की समोरचा जरा हसतो. त्याला वाटतं गावात जाऊन भाषण केलं असेल. भाषण मला आजही फार जमत नाही. कॉलेजात सेमिनार असला की माझा घसा सुकायचा, पहिल्या दोन स्लाइड वाचून दाखवायचे आणि तिसऱ्याला मैत्रिणीकडं बघायचे. घरी शेती आहे पण दहावीपासून हॉस्टेलला असल्यामुळं वावरात उभं राहून काम केलेलं नाही. अशा मुलीला मराठवाड्यातल्या एका सोयाबीन-कापसाच्या गावात, जिथं माणसं माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं पेरणी करतायत, तिथं "मार्गदर्शन" करायला पाठवलं होतं.

आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी जाण्याआधी एक अट घातली. पहिला आठवडा कोणालाही काहीही शिकवायचं नाही. बॅनर लावायचा नाही, प्रात्यक्षिक नाही, "शेतकरी बंधूंनो" नाही. फक्त फिरायचं, बसायचं, विचारायचं आणि रात्री लिहायचं. आमच्यातल्या दोघी वैतागल्या, कारण दुसऱ्या ग्रुपने पहिल्याच दिवशी वृक्षारोपण उरकून स्टेटसला फोटो टाकला होता आणि आम्ही नुसत्या गल्लीगल्लीतून वह्या घेऊन हिंडतोय. मला मात्र आतून बरं वाटलं, बोलायचं नाही म्हणजे सुटले.

पण नुसतं विचारणं हे भाषणापेक्षा अवघड निघालं. आमच्याकडं सर्व्हेचा छापील फॉर्म होता, त्यात क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर, वार्षिक उत्पन्न रुपयांत. गावात हेक्टर कोणी बोलत नाही. एकर आणि गुंठे. उत्पादन म्हणजे "एकरी किती कट्टे (पोती) झाले". आणि उत्पन्न विचारलं की माणूस लगेच सावध होतो, त्याला वाटतं ही कुठल्या तरी योजनेची यादी आहे, जास्त सांगितलं तर नाव कटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही कारण खरंच तसंच होत आलंय. मग आम्ही फॉर्म पिशवीत ठेवला. आधी पिकाचं बोलायचं, पाऊस कधी झाला, पेरणी कधी केली, दुबार तर नाही ना करावी लागली, बियाणं घरचं की दुकानातलं. घरचं बियाणं म्हटलं की माणूस खुलतो. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले की दाणा फुटतो आणि उगवण जाते, म्हणून बियाण्याचं सोयाबीन वेगळं हळू काढायचं, थप्पी उंच लावायची नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण एक काका ते सांगताना मूठभर दाणे हातात घेऊन दाखवत होते की हा बघ, हा नाही उगवणार. रात्री खोलीवर येऊन आम्ही फॉर्म भरायचो, हेक्टरचा हिशेब आमचा आम्ही.

वेळेचं गणित पण असंच. कॉलेजच्या वेळापत्रकात ११ ते १ "शेतकरी भेट" होती. ११ ला गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोणी नसतं. पुरुष सापडायचे सकाळी दूध घालायला येतात तेव्हा डेअरीवर, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर पारावर. बाया सापडायच्या वावरात, खुरपताना. आणि खुरपणाऱ्या बाईला उभं राहून प्रश्न विचारायचे नाहीत, एक खुरपं मागून घ्यायचं आणि तिच्या शेजारची तास (पिकाची ओळ) धरायची. पाठ मोडते, पण बोलणं आपोआप सुरू होतं. "मॅडम, तुमची तास मागं राहायली बगा" असं म्हणून सगळ्या हसल्या की समजायचं आता उत्तरं खरी येणार.

दुसरी एक गोष्ट जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. गावात दोन गट होते, बहुतेक गावांत असतातच. पहिला चहा कोणाच्या ओसरीवर घेतला हे दुसऱ्या गटाला संध्याकाळपर्यंत कळतं. सरपंच बाई होत्या, पण फोन लावला की त्यांचे मालक (नवरा) उचलायचे, ते एका गटाचे. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, वर्गात तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, पण तिचे आजोबा कधीकाळी ग्रामपंचायत सदस्य होते त्यामुळं तिला हे सगळं रक्तातच होतं. तिनं सांगितलं की दोन्हीकडं एकाच दिवशी जायचं, जोडीजोडीने, एकाच वेळी. आणि कार्यक्रम देवळात किंवा कोणाच्या वाड्यासमोर घ्यायचा नाही, जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात घ्यायचा, कारण देवळासमोर ठेवला तर एका वस्तीतली माणसं येणारच नाहीत आणि का आली नाहीत हे कोणी बोलूनही दाखवणार नाही. ती बरोबर होती. शाळेच्या व्हरांड्यात सगळे आले. आमच्यात लीडर दर आठवड्याला बदलायचा ठरलं होतं, तिच्या आठवड्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं की गावाशी बोलायचा विषय असेल तेव्हा तीच बघेल. मला वाटतं लीडर हा शब्द मला तिथं पहिल्यांदा समजला, तोवर मला वाटायचं जो माईक घेतो तो.

आता पीआरए. याचं मराठी पुस्तकात सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन वगैरे देतात. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाचं नाव याच्याशी जोडलं जातं पण ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशातल्या खेड्यांत आणि केनियात काम करणाऱ्या संस्थांनी घडवली. कल्पना अशी की बाहेरून आलेल्याने गावाचा अभ्यास करायचा नाही, गावानेच आपला नकाशा, आपला इतिहास, आपलं हंगामाचं कॅलेंडर जमिनीवर मांडायचं, आणि बाहेरच्याने काठी त्यांच्या हातात देऊन बाजूला व्हायचं. परीक्षेत हे लिहून मी चांगले मार्क घेतले होते. प्रत्यक्षात बहुतेक ग्रुप काय करतात तर सकाळी स्वतःच रंगीत रांगोळीने सुंदर नकाशा काढतात, शाळा देऊळ विहिरी सगळं, कडेने फुलं, मग गावातली चार माणसं बोलावून भोवती उभी करतात आणि फोटो. दिसायला भारी दिसतं. रिपोर्टमध्ये रंगीत पान लागतं.

आम्ही शाळेच्या मैदानावर सडा मारून घेतला, मध्ये फक्त एक शाळा काढली आणि रांगोळीची परात खाली ठेवली. आणि मग जे काही झालं ते म्हणजे काहीच झालं नाही. सगळे उभे. कोणीच परातीला हात लावेना. मला इतकं अस्वस्थ वाटत होतं की वाटलं आपणच एक रस्ता काढून द्यावा म्हणजे सुरुवात होईल. सरांनी एक युक्ती सांगितली होती, प्रश्न विचारला की मनात हळूहळू दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही. मोजले. परत मोजले. शेवटी एक पोरगं, सातवी-आठवीचं असेल, पुढं आलं आणि शाळेपासून त्याच्या घरापर्यंत रेघ ओढून बसलं. "अरे तसा नाही जात रस्ता" म्हणून त्याचा चुलता आला. मग पाच मिनिटांत सहा-सात माणसं खाली बसलेली आणि वाद सुरू, ओढा कुठून वळतो, गायरान कुठं संपतं, पाणंद रस्ता कोणी अडवलाय. हा शेवटचा वाद जरा जास्तच तापला, तेव्हा त्या शांत मुलीनेच "काका, आपण सध्या तुटक रेघ काढू, नंतर बघू" म्हणून मिटवला.

पुरुषांचा नकाशा झाला तेव्हा त्यात देऊळ, ग्रामपंचायत, डांबरी रस्ता, विहिरी, बोअर, कोणाची किती जमीन, सगळं होतं. मग बायका आल्या, त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एका काकूंनी विचारलं, तांडा कुठाय? गावापासून थोडा लांब तांडा आहे, तिथं घरं बरीच आहेत, आणि मैदानावरच्या अख्ख्या नकाशात त्याचं नावच नव्हतं, सगळ्यांना तो माहीत असूनही. काकूंनी परात उचलली, तांडा काढला, तिथला हातपंप काढला आणि हातपंपाभोवती मोठा गोल काढून आत रांगोळी नुसती ओतली. म्हटलं हे काय, तर म्हणाल्या, "चिखल. बारा महिने. पाणी भरायला गेलं की पाय घसरतोय, लेकरं तिथंच खेळायली, डास बी तिथंच." मग दुसरीने शाळेला जायचा पोरींचा रस्ता काढला, जो डांबरी रस्त्याने जात नाही, पऱ्हाटीतून (कापसाच्या शेतातून) जातो आणि पीक वाढलं की पोरी जायला घाबरतात. दोन्ही नकाशे आम्ही वहीत उतरवून घेतले, शेजारीशेजारी ठेवले तर वाटावं दोन वेगळी गावं आहेत. आमचं त्या दिवसाचं बोलणं किती झालं असेल, "आणखी काय राहिलं?" एवढंच. बहुतेक रावेतला सगळ्यात चांगला दिवस तोच होता आणि त्या दिवसाच्या फोटोत आमच्यापैकी कोणीच धड दिसत नाही, सगळ्यांच्या पाठी.

प्रात्यक्षिकांचं मात्र बोलावंच लागतं. पहिलं मी घेतलं ते निंबोळी अर्काचं, ५ टक्के. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचं, थोडा साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर द्रावण करायचं आणि त्याच दिवशी फवारायचं. पाठ केलं होतं. पण मी बोलायला लागायच्या आधी एका आज्जीला म्हटलं तुम्ही कुटा, आणि एका दादाला म्हटलं तुम्ही गाळा, मी नुसती शेजारी बसून सांगत गेले. गंमत म्हणजे हात कामात असले की घसा सुकत नाही. लोक माझ्याकडं बघतच नव्हते, ते त्या कुटणाऱ्या आज्जीकडं बघत होते. प्रश्न पण खरे आले. एकरी किती पंप लागतात, पंप १५ लिटरचा की २० चा, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, "एवढं कुटायला बाई लावली तर तिची मजुरी कोण देणार?" याला पुस्तकात उत्तर नाही. मी तोच प्रश्न बसलेल्यांना विचारला की तुम्ही कसं कराल, तर एक जण म्हणाला गिरणीवर भरडून आणू की, चटणीच्या नाही, पशुखाद्याच्या. दुसरा म्हणाला चार घरं मिळून करू. मी हे दोन्ही डायरीत लिहिलं, पुढच्या वस्तीवर तेच सांगितलं, आणि कोणी सुचवलं त्याचं नाव घेऊन सांगितलं. नाव घेतल्याने काय फरक पडतो ते एकदा करून बघा.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी सरावाने कळत गेल्या. उन्हात कार्यक्रम असेल तर ऊन आपल्या डोळ्यावर घ्यायचं, ऐकणाऱ्यांच्या नाही. डोस कधीच टक्क्यात सांगायचा नाही, पंपाला किती ते सांगायचं. झाल्यावर "समजलं का?" विचारायचं नाही कारण सगळे हो म्हणतात, त्याऐवजी "दादा, आता उशिरा आलेल्या अण्णांना तुम्ही सांगा" म्हणायचं आणि ऐकायचं, त्यात जे चुकतं ते आपण नीट सांगितलेलं नसतं. फवारणीच्या सुरक्षेवर बोलताना हे फार उपयोगी पडलं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते सगळ्यांना माहीत आहे, पण हातमोजे-मास्कवर लेक्चर दिलं की लोक मोबाइल काढतात. आम्ही एका फवारणाऱ्या दादांनाच विचारलं की फवारणी झाल्यावर घरी गेल्यागेल्या काय करता. ते म्हणाले पाणी पितो. मग त्यांचे तेच थांबले, म्हणाले, हात धुऊन पितो... कधी कधी. तेवढ्यावर अर्धा तास चर्चा चालली.

एक किस्सा सांगायलाच हवा. पोळ्याच्या आसपास सोयाबीन पिवळं पडायला लागलं. एक आजोबा, गावात कडक म्हणून प्रसिद्ध, त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात पानं दिली, सांग पोरी हे काय आहे. आता पिवळेपणाची दोन मोठी कारणं असतात, एक पिवळा मोझॅक, तो विषाणू, पांढऱ्या माशीने पसरतो, पानावर पिवळे-हिरवे चट्टे येतात. दुसरं लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की होते, तिथं नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. पानं सुकलेली होती, मला खात्री वाटेना. म्हटलं, आजोबा, मला आत्ता नक्की सांगता येत नाही, वावरात जाऊन बघते आणि विचारून उद्या सांगते. आजूबाजूला दोघं-तिघं हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) गेलो, कोवळी पानं बघितली, फोटो काढून कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांना पाठवले, फोनवर बोलणं करून दिलं. लोहाचंच होतं. साचलेलं पाणी चर खणून बाहेर काढा, वापसा येऊ द्या (जमिनीतला जादा ओलावा जाऊ द्या), सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी घ्या, असं त्यांनी सांगितलं, कीटकनाशकाची गरजच नव्हती. मी आजोबांना किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा टोल फ्री नंबर पण मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला, त्यावर मराठीत बोलता येतं. आजोबा म्हणाले, आधी आलेल्या पोरांनी जागेवरच औषध लिहून दिलं होतं. एवढंच, कौतुक वगैरे काही नाही, पण त्यानंतर पारावर बसायला मला जागा मिळायला लागली.

बोलण्यातलं सगळ्यात जास्त मी ज्यांच्याकडून शिकले त्या बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई. उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, गावातल्याच एका बाईला हे काम असतं, गटांच्या बैठका घेणं, वह्या बघणं, नवीन गट उभे करणं. ताई बारावी शिकलेल्या. त्यांच्या बैठकीत कोणी पुढं बसत नाही, सगळ्या गोल बसतात, ताई पण त्याच गोलात. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळं मोठ्याने वाचून दाखवतात आणि प्रत्येक आकड्यानंतर जिचा आकडा आहे तिच्याकडं बघून थांबतात, ती मान हलवेपर्यंत पुढं जात नाहीत. कर्ज कोणाला द्यायचं यावर दोघींचं वाजलं तर ताई निर्णय देत नाहीत, म्हणतात, "मला काय इचारता, पैसा तुमचा हाय, दोघींनी आपली अडचण सांगा, बाकीच्या ठरवतील." आणि जी बाई बोलत नाही तिला थेट "तुम्ही बोला" असं कधी म्हणत नाहीत, तिला शिल्लक पैसे मोजायला देतात. मोजून झाल्यावर रक्कम सांगावीच लागते. म्हणजे बोलली. पुढच्या बैठकीत तिच्याकडं वही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि आमच्या ग्रुपमध्ये जी मुलगी प्रात्यक्षिकाला मागं मागं राहायची तिला आम्ही वजनकाटा दिला, डोस मोजून मोठ्याने सांगायचं काम. चाललं. हरभऱ्याची बीजप्रक्रिया आली तोवर ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) आधी का आणि रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) शेवटी का, बी सावलीतच का सुकवायचं, हे सगळं ती एकटी सांगत होती.

ग्रुपमधली भांडणं झालीच. स्वयंपाकाची पाळी, डायरी कोणाची कोण उतरवतंय, फोटोत कोण मध्ये. फ्लेक्सवर तर वेगळाच लेख होईल, त्यावर अधिष्ठाता, प्राचार्य, समन्वयक, विषयतज्ज्ञ अशी सगळी नावं उतरंडीने बसवता बसवता बीजप्रक्रिया हा शब्द कोपऱ्यात जातो. असो.

मग ऑगस्टातली ग्रामसभा. आपल्याकडं नियम असा आहे की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. कागदावर ती होते. सीआरपी ताई आणि आम्ही घरोघरी जाऊन यावेळी ती खरी भरवली, तांड्यावरच्या बायका पण आल्या. आम्ही पीआरएचे दोन्ही नकाशे चार्टपेपरवर मोठे काढून भिंतीला लावले होते. ग्रामसेवकांनी मला म्हटलं की ग्रामसभेत तुम्ही हे सादर करा, दहा मिनिटं देतो, माईक आहे. रात्री मी भाषण लिहून काढलं, पाठ पण केलं. सकाळी ताई म्हणाल्या, "तुम्ही बोललात तर टाळ्या वाजतील अन् सभा पुढं जाईल. ज्यांचा चिखल हाय त्यांना बोलू द्या." मला खरं तर थोडं लागलं, पहिल्यांदाच मला माईकवर बोलावंसं वाटत होतं. पण मुद्दा बरोबर होता.

मी फक्त एवढं बोलले की हे नकाशे गावानेच काढलेत, आणि तांड्यावरच्या काकूंना बोलावलं. काकू चार्टजवळ गेल्या, माईक घेतलाच नाही, बोट ठेवलं त्या गोलावर आणि बोलल्या. मागून कोणीतरी "हा विषय अजेंड्यावर नाही" म्हणालं. तेव्हा सरपंच बाई, ज्या तोवर गप्प बसून होत्या, त्यांनी ग्रामसेवकांना विचारलं की महिला सभेत हा विषय झालाय ना, मग घ्या लिहून. त्यांचे मालक त्यांच्याकडं बघतच राहिले. ग्रामसेवक म्हणाले की वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी-स्वच्छतेसाठीच बांधील असतो, त्यात बसेल, सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा घेता येईल, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून डास कमी केले ते पण त्यांनी सांगितलं. ठराव लिहिला गेला, विकास आराखड्यात धरायचं ठरलं. पोरींच्या शाळेच्या रस्त्याचं मात्र काही झालं नाही, ती जमीन खासगी, त्यावर सभेत जे बोलणं व्हायला लागलं ते थांबवावं लागलं.

आम्ही गाव सोडलं तोवर शोषखड्ड्याची जागा आखून झाली होती, काम सुरू नव्हतं. नंतर ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खड्डा झालाय, हातपंपाचा ओटा अजून तुटकाच आहे, त्यासाठी पुढच्या सभेत परत बोलणार म्हणे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं की रांगोळीचा नकाशा इतका वाकडातिकडा का, तुमच्या ग्रुपमध्ये कोणाला चित्रकला येत नाही का. मी सांगितलं की तो आम्ही काढलेला नाही, आणि मग तो कोणी काढला, तांडा कसा आला, तुटक रेघ कुठं आहे आणि का, हे सांगत बसले. मध्ये त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. घसा सुकला नाही. मार्क ठीकठाक पडले, नकाशा नीटनेटका असलेल्या ग्रुपला जास्त पडले.

आता यावर्षी जाणाऱ्या ज्युनियर्सचे मेसेज येतात म्हणून काही गोष्टी इथंच लिहून ठेवते. खोली घेताना संडासची सोय आणि आतून कडी आधी बघा, बाकी सगळं नंतर. कृषी सहायकांना (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) पहिल्या दिवशी भेटा आणि शेतीशाळा कधी आहे ते विचारा, तिथं शेतकरी स्वतः पिकाचं निरीक्षण करून चार्ट मांडतात, त्यातून आयतं शिकायला मिळतं, तुम्ही वेगळा कार्यक्रम घेऊन त्याच माणसांना दुसऱ्यांदा बसवू नका. कापसाचं गाव असेल तर कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग रोज सकाळी मोजायचं काम शाळेतल्या पोरांना द्या, सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग आले की फवारणीचं ठरवायचं, हे ती पोरं घरी जाऊन बापाला सांगतात आणि बाप ऐकतो, तुमचं ऐकेलच असं नाही. डायरी रोजच्या रोज लिहा, शेवटच्या आठवड्यात बसून लिहिलेली ओळखू येते, सगळ्या पानांवर एकाच पेनची शाई असते. आणि खुरपं स्वतःचं घेऊन जा, मागून घेतलेलं कधीच धारेचं नसतं.